तेरा रेघा

शाळेत माझ्या वहीवर लाल खुणाच जास्त.
एक टिंब विसरलं की अख्खं अक्षर बाद,
खालून वर गेलेली रेघ बाद,
आकार बरोबर पण क्रम चुकला, तरी बाद.
सोळाव्या वर्षी शाळा सोडली
आणि मुरे गावात इवाबुचींकडे आले, थडगी घडवायला.
वाटलं, सुटले एकदाची कांजीतून.

इवाबुची हसले नाहीत. ते हसतच नाहीत.
हातात छिन्नी दिली, म्हणाले,
दगडावर खोडरबर चालत नाही.

पहिलं अक्षर: दगड.
एक आडवी रेघ, तिच्यातून डावीकडे घसरलेली दुसरी,
आणि त्या उताराच्या पायथ्याशी तोंड,
चौकोनी, उघडं, काहीच न बोलणारं.
पाच रेघांना अकरा दिवस लागले. अंगठा सुजला.
शाळेत हेच अक्षर मी शंभरदा गिरवलं होतं
आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत वातानाबेबाई आल्या,
एका हातात संत्र्यांची जाळी,
दुसऱ्यात घडी घातलेला कागद, गेलेल्या नवऱ्याच्या नावाचा.
वातानाबे काय, गल्लोगल्ली सापडतात,
पण त्यातला ‘बे’ लिहायच्या तऱ्हा इतक्या
की इवाबुचींनी त्यांची वेगळी वही ठेवलीय.
बाईंचा सगळ्यात किचकट:
वर ‘स्वतः’, त्याखाली भोक, त्याखाली दिशा,
आणि सगळ्यांना खालून कवेत घेणारी वाट.
काही घराण्यांत दिशेच्या जागी तोंड असतं.
“तोंड कोरू नकोस हं,” बाई म्हणाल्या,
“माणूस अबोल होता.”

पहिलं अक्षर ओलांडणं, दुसरं काठ.
आडनावच पैलतीराचं.
माहेरच्या त्या ओगावा: छोटी नदी,
सहा रेघांत वाहून जाणारी.
सासरी आल्यावर पावतीवर सही करायला इतका वेळ
की पोस्टमन पायरीवर बसून सिगरेट संपवायचा.

नवऱ्याच्या शेजारी आता त्यांचंही नाव,
कोरून आत लाल भरायचं.
जिवंत माणसाचं नाव लाल.
माणूस गेलं की रंग खरवडायचा.
कागदावर ते साध्या काताकानात होतं: कि, नु.
पाच रेघा.
“मुलीला कांजी कशाला, वडील म्हणाले.
नाव ठेवलं हेच पुष्कळ.”

मग इकडेतिकडे बघून
बाकावर साचलेल्या दगडाच्या पिठात
बोटानं काढू लागल्या: धागा. तोंड. चंद्र.
किनु. रेशीम.
नात झोपली की तिच्या वहीतून शिकते, म्हणाल्या.
तोंड त्यांनी एका फेरीत गोल काढलं होतं.
मी, आयुष्यभर बाद झालेली मी,
त्यांचं बोट धरलं:
आधी डावी भिंत.
मग छप्पर, तिथूनच वळून उजवी, एका दमात.
जमीन शेवटी.
त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा.
नखांत पीठ गेलं.

“हे कोरशील का?” असं त्यांनी विचारलं नाही.
इवाबुचींनी पाण्याची नळी आणली आणि बाक धुतला.
कागदावर जे, तेच दगडावर.

कोरल्या मी पाच रेघा.
लाल भरताना हात थरथरला,
तोच लाल, माझ्या वह्यांमधला,
आणि या वेळी काहीच चुकलेलं नव्हतं.

दगड न्यायच्या आदल्या संध्याकाळी
चौथरा उलटा पडला होता,
पोट वर करून.
जिथे सिमेंट लागणार, जिथे कुणी वाचणार नाही,
तिथे कंदिलाच्या उजेडात तेरा रेघा.
क्रमानं.

सकाळी इवाबुचींनी त्या पोटावरून बोट फिरवलं.
चष्मा खिशातच होता.
मी झाडू घेऊन उगाच स्वच्छ जमीन झाडत राहिले.
“धाग्याची शेवटची दोन टिंबं,” ते म्हणाले,
“उथळ आलीत.”
आणि बाहेर क्रेनवाल्याला हात केला,
दहा मिनिटं थांब म्हणून.